पंचेचाळीस अंशांत चालणारा संगणक

घरी जुळवायच्या संगणकाची यादी बहुतेक जण प्रोसेसरपासून लिहायला घेतात. झाशीच्या सीपरी बाजारात ती भिंतीतल्या सॉकेटपासून लिहावी. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लू वाहते, धूळ बंद खिडकीतूनही आत येते आणि वीज कधी जाते, कधी दबते. झाशीवर राज्य केलेल्या नेवाळकरांच्या काळापासून झाशीत रुजलेल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईच्या भाच्या-पुतण्यांकडून यादी मागवून घेण्याची पद्धत आहे. त्या याद्या चुकीच्या नसतात. फक्त त्या दुसऱ्या हवेत लिहिलेल्या असतात. तेच भाग इथल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसवले की दुपारी दोन वाजता त्यांचा वेग उतरतो.

त्याआधी कामाचे स्वरूप ठरवावे लागते. गेम आणि व्हिडिओ संपादन ही दोन्ही कामे 'जड' म्हणून एकत्र बोलली जातात, पण त्यांची भूक वेगळी आहे. गेमला थोडे पण वेगवान कोअर, मोठा कॅश आणि चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. १६ जीबी रॅमवर आजही बहुतेक गेम चालतात. संपादनाला भरपूर रॅम, जलद साठा आणि कॅमेऱ्याची फाइल उलगडणारे हार्डवेअर लागते. सहालगीत, म्हणजे लग्नसराईत, लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्याचा हिशोब सरळ आहे. १०० मेगाबिट प्रति सेकंद दराने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी होते. तीन कॅमेरे आठ तास चालले तर एकाच लग्नाचा ऐवज एक टीबीच्या वर जातो. ज्याच्या संगणकावर दिवसा असे काम आणि रात्री गेम चालणार आहे, त्याने पैसे कुठे घालायचे हे हा आकडाच सांगतो.

आता वीज. उदाहरणादाखल, सहा कोअरचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा असला तरी भाराखाली ८८ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ५०६० टीआय कार्ड १८० वॅट घेते. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे धरून एकूण साडेतीनशे वॅटच्या आसपास बेरीज होते. मग ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे भागांना वीज पुरवणारा डबा, कशासाठी, असा प्रश्न दुकानात हमखास येतो. त्याची उत्तरे दोन आहेत. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या वॅटपेक्षा बरेच जास्त खेचते. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा झटक्यांची तरतूद मुद्दाम केली आहे. दुसरे उत्तर झाशीचे आहे. स्वस्त एसएमपीएसची क्षमता पुष्कळदा २५ किंवा ३० अंशांना मोजलेली असते, चांगल्याची ४० किंवा ५० अंशांना. त्याच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५ अंशांचे आहेत की १०५ अंशांचे, हेही पाहावे, कारण दर दहा अंश वाढीला त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. एसएमपीएसवर वाचवलेले हजार-दीड हजार रुपये ही या सगळ्या यादीतली सर्वांत वाईट बचत.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून वेगळा यूपीएस नको, हा समजही तपासून घ्यावा. मुख्य वीज तुटल्यावर पूर्ण भाराखाली एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर 'यूपीएस' खटक्यावर असेल तर साधारण दहा मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. साध्या खटक्यावर त्याला चाळीसपर्यंत लागू शकतात, आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. मात्र यूपीएस खटक्यावर त्याची व्होल्टेज सोसण्याची पट्टी अरुंद होते. संध्याकाळी व्होल्टेज १८०च्या खाली गेले की तो पुन्हापुन्हा बॅटरीवर उडी मारतो आणि खरा वीजपुरवठा जाईपर्यंत बॅटरी अर्धी रिकामी झालेली असते. त्यात चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर ॲक्टिव्ह पीएफसी असलेले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात किंवा चालतच नाहीत. म्हणून शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर, नाहीतर संगणकापुरता स्वतंत्र यूपीएस, यांपैकी एक हवेच. यूपीएसवरचा व्हीए हा आकडा म्हणजे वॅट नव्हे. १००० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ६०० वॅटचा असतो आणि या संगणकाला काही मिनिटे देतो. काम जतन करून नीट बंद करायला तेवढी मिनिटे पुरतात.

अर्थिंगचा खर्च यादीत कुणी लिहीत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले, तर एसएमपीएस बिघडला असे समजून तो परत नेला जातो. प्रत्यक्षात एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर नेहमीच थोडा प्रवाह कॅबिनेटकडे सोडतात आणि तो अर्थिंगच्या तारेने निघून जावा अशी योजना असते. जुन्या वायरिंगच्या घरात तिसऱ्या भोकामागे तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घेणे हे पहिल्या भागाची खरेदी करण्याआधीचे काम आहे.

उष्णतेचा हिशोब बेरजेचा आहे. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातले अंतर कमी ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत भाराखाली ७५ अंशांवर राहणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ९०च्या घरात जातो, आणि रायझन ७००० मालिकेची मर्यादा ९५ आहे. पाण्याच्या कूलरनेही हे गणित बदलत नाही. त्याच्या पंपाचा एक जास्तीचा धोका मात्र येतो. सीपरी बाजारासाठी चांगला उंच एअर कूलर योग्य, आणि तो १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतो म्हणून कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे ना, हे आधी मोजावे. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी. समोर काच आणि मागे रंगीत दिव्यांचे पंखे असलेली कॅबिनेटे दुकानात डोळ्यात भरतात, पण त्यांत हवा शिरायला वाटच नसते. धुळीचा उपाय हवा रोखणे हा नाही. काढून धुता येईल अशी नायलॉनची जाळी हवी आणि आत हवा ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत. मग धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडते.

खोलीतल्या खस लावलेल्या कूलरचा झोत संगणकावर सोडू नये. खोली थंड झालेली चांगलीच, पण थेट झोताबरोबर ओलावा आणि खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोर्डावर क्षार बसतात. संगणक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा आणि एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर दमटपणा कोंडतो.

ग्राफिक्स कार्डात संपादकाने आधी मेमरी पाहावी. आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळते, आतली चिप तीच. गेमरला १०८०पी पडद्यावर ८ जीबी बऱ्याचदा चालून जाते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये फोर-के क्लिपवर नॉइज काढण्याचे दोन थर चढवले की हीच ८ जीबी अपुरी पडते आणि रेंडर मध्येच थांबते. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याशी जोडलेली आहे. आजचे बरेच मिररलेस कॅमेरे ४:२:२ दहा-बिट रंगात चित्रीकरण करतात. एनव्हिडियाच्या कार्डांना अशा फाइली हार्डवेअरने उलगडणे २०२५च्या ५० मालिकेत जमले. त्याआधीची कार्डे ते काम प्रोसेसरवर टाकत. इंटेलच्या प्रोसेसरांमधले क्विक सिंक एचईव्हीसी स्वरूपातल्या ४:२:२ फाइली आधीपासून उलगडते, म्हणून प्रीमियर प्रो वापरणारे इंटेलकडे झुकतात. त्यात नावापुढे 'एफ' अक्षर असलेला प्रोसेसर घेतला की अंगभूत ग्राफिक्स नाही आणि क्विक सिंकही गेले. संपादनासाठी ती बचत महागात पडते. कार्ड जुनेच ठेवायचे असेल तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती बनवून त्यांवर काम करणे, हा बिनपैशाचा आणि उत्तम मार्ग आहे.

रायझनच्या बाजूने एएम५ सॉकेट बोलते. ते २०२२ साली आले आणि निदान २०२७पर्यंत त्यासाठी नवे प्रोसेसर आणण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आज सहा कोअर बसवून पुढे त्याच बोर्डावर जास्त कोअर घालता येतात. जुन्या बी६५० बोर्डावर ९००० मालिकेचा प्रोसेसर घालायचा असेल तर बायोस नवे करावे लागते, म्हणून प्रोसेसरविनाही बायोस बदलू देणारे बटण असलेला बोर्ड निवडावा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला होता आणि २०२४च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडचा उपाय आला. हे प्रोसेसर घेणाऱ्याने संगणक सुरू होताच आधी बायोस अद्ययावत करावे.

रॅमच्या एकाऐवजी दोन पट्ट्या घ्याव्यात, संपादनाला एकूण ३२ जीबी, आणि बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय चालू करावी. ती राहून गेली तर ६०००ची रॅम आपल्या मूळ संथ वेगानेच चालत राहते. २०२५च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा ६४ जीबीचा मोह पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

साठ्यात तीन थर असावेत. प्रणाली आणि गेमसाठी एक एनव्हीएमई एसएसडी, चालू कामासाठी दुसरी, आणि संपलेल्या कामासाठी हार्ड डिस्क. चालू कामाची एसएसडी टीएलसी प्रकारची हवी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिचा कॅश भरला की शेकडो जीबींची नक्कल रांगायला लागते. चौथ्या पिढीची एसएसडी सेकंदाला सात हजार एमबीपर्यंत वाचते आणि ते पुरेसे आहे. पाचव्या पिढीची इथल्या उन्हाळ्यात तापून वेग टाकते. लग्न पुन्हा चित्रित होत नाही, म्हणून संपलेल्या कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असल्याच पाहिजेत.

पडद्यापुरते एवढेच: आयपीएस पॅनेल, पूर्ण एसआरजीबी रंगकक्षा, २७ इंच आणि १४४०पी. १४४ हर्ट्झ किंवा अधिक असेल तर गेमही खूश.

खरेदी कुठे करायची हा झाशीत वॉरंटीचा प्रश्न आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस सुमारे चारशे किलोमीटरवर, गतिमान एक्स्प्रेसने साडेचार तासांच्या आसपास. भाव तिथे उतरतात, पण बिघडलेला भाग घेऊन परत जाण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस धरला तर फरक पुष्कळ कमी होतो. प्रोसेसर क्वचितच बिघडतो, तो लांबून आणायला हरकत नाही. फक्त डबाबंद घ्यावा, कारण ट्रेमधून सुटा विकल्या जाणाऱ्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही. एसएमपीएस, हार्ड डिस्क आणि यूपीएस हे बिघडणारे भाग. ते झाशीतल्याच दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावेत, थोडे महाग पडले तरी.

जुळवणी झाल्यावर चाचणी दुपारी घ्यावी, खिडक्या नेहमी असतात तशा ठेवून. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी तासभर भार टाकावा, तापमान आणि वेग दोन्ही पाहावेत, मग चालू रेंडरमध्ये मुख्य वीज बंद करून यूपीएस भार उचलतो का ते बघावे. दुकानदाराची परत घेण्याची मुदत संपण्याआधी हे सारे उरकावे, आणि प्रत्येक भागाच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र बिलासोबत जपून ठेवावे.