पडवीतली पद्मिनी

कोल्हापूरहून सांगलीकडे जाणाऱ्या प्रवाशाला जयसिंगपूर हे आसपासच्या गावांहून वेगळे भासते. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले, आणि तेही आधी रस्ते आखून. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या सरळ गल्ल्या, त्यांना नावांऐवजी क्रमांक, जवळच रेल्वे स्थानक आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या असे त्याचे रूप आहे. येथे घराचा पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक आणि दुकानातील माल एवढे सांगितले तरी पुरते. त्यांपैकी एका गल्लीतील घर मात्र गेली दोन वर्षे तेथील मालावरून ओळखले जात नाही. 'पद्मिनीचे घर' म्हणूनच लोक ते दाखवतात.

ही पद्मिनी म्हणजे १९७६ साली नोंदलेली प्रीमियर पद्मिनी मोटार. त्या काळी मोटार बाजारात जाऊन विकत आणण्याची वस्तू नव्हती. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. या घरातील आण्णांच्या वडिलांनी अशीच वाट पाहून ती घेतली. सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीच्या दुकानाशी तिचे नाते जडले. सकाळी पेढीवर जाणे, रात्री परतणे, लग्नकार्ये, दवाखाने, मुलींची माहेरपणे हे सारे तिच्या सलग बाकासारख्या सीटवर दाटीवाटीने बसून झाले. नव्या गाड्या आल्यावर ती दुकानामागील शेडमध्ये विसावली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि गणपती पेठ बुडाली. दुकानातील माल गेला, तशी गाडीही कित्येक दिवस गढूळ पाण्यात उभी राहिली. पूर ओसरल्यावर ती ओढून जयसिंगपूरला आणली गेली आणि पडवीत ताडपत्रीखाली झाकली गेली. भंगारवाल्याने तिला वजनाचा भाव सांगितला. आण्णांनी नकार दिला, पण पुढे काय करावे हेही त्यांना सांगता येईना.

जैन व्यापारी घरांना या गाडीविषयी आपुलकी वाटावी याला आणखी एक कारण आहे. ती ज्या कारखान्यात तयार झाली, त्याचे जनक शेठ वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात जन्मले. जहाज वाहतूक, साखर, विमाने आणि मोटारी अशा, परक्या सत्तेच्या काळात अशक्यप्राय वाटणाऱ्या उद्योगांना त्यांनी हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. प्रारंभी तेथे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मोटारी जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातील फियाट ११०० मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' या लाडक्या नावाने ओळखली. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, मागील चाकांना मिळणारी गती, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सुमारे ९०० किलो वजन, अशी तिची साधी घडण होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन ती देशभर परिचित झाली. अशी शेवटची नोंदलेली टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली.

ती बातमी वाचूनच या घरात ताडपत्री निघाली. आण्णांचा नातू सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होता. "आण्णा, तुम्ही परवानगी द्या, मी गाडी उभी करतो," असे तो म्हणाला. आण्णांनी परवानगी दिली. पण गाडी उभी करणे म्हणजे नेमके काय, यावर पहिल्याच दिवशी मतभेद झाला. नातवाच्या मनात नव्या जमान्याची पद्मिनी होती. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीतील निस्सानचे इंजिन, पाच गिअर, जमिनीवरचा गिअर दांडा, वातानुकूलन आणि रुंद अलॉय चाके तिला बसवावीत असे त्याला वाटे. आण्णांना मात्र गाडी त्यांच्या वडिलांनी आणली होती तशीच हवी होती. दुकान पाहणाऱ्या मधल्या पिढीला, म्हणजे नातवाच्या वडिलांना, हा खर्च मुळात कोणत्या खाती टाकावा हेच कळेना.

वाद तूर्त बाजूला ठेवून काम पत्र्यापासून सुरू झाले, कारण गंज कोणाच्या मतासाठी थांबत नाही. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे दरवाजाखालील पोकळ पट्टी, म्हणजे सिल, कुजली तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा कणाच खचतो. सीट, गालिचे आणि आतील पुठ्ठे काढल्यावर पेचकसाच्या मुठीने पत्रा ठोकून पाहिला गेला. जेथे खणखणीत आवाज आला तेथे पत्रा शाबूत होता. जेथे बद्द आवाज आला तेथे टोक सहज आत शिरले. दोन्ही सिलच्या पोकळीतून पुराचा वाळलेला गाळ घमेल्याने निघाला. त्याच गाळाने चार वर्षे ओल धरून ठेवली होती आणि पत्रा आतून खाल्ला होता. बाहेरचा रंग मात्र बहुतेक ठिकाणी शाबूत होता.

अशा वेळी पुट्टी भरून वरून रंग मारणे हा स्वस्त आणि फसवा मार्ग असतो. या घराने तो टाळला. पेट्रोलची टाकी उतरवून घराबाहेर नेली, बॅटरी काढली, दरवाजांच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या जोडून घेतल्या, म्हणजे सिल कापल्यावर शरीर वाकू नये. मग एका वेळी एकच बाजू कापली. मिरजेहून दर रविवारी येणाऱ्या अनुभवी डेंटरने २० गेजचा पत्रा वाकवून नव्या सिल आणि जमिनीचे तुकडे घडवले व वेल्ड केले. प्रत्येक टप्प्यावर दरवाजा लावून त्याची फट मोजली गेली. घासणे, गंज मारणारे रसायन लावणे, प्रायमर देणे आणि बंद पोकळ्यांत मेण फवारणे ही कामे घरच्यांनी केली. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो, हे पहिल्याच आषाढात कळले. त्यानंतर जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरने झाकता येईल तेवढाच घासायचा, असा नियम ठरला.

इंजिन जाम झाले होते. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतले आणि आठवडाभर मुरू दिले. नंतर क्रँकच्या पुलीला पाना लावून ते हळूहळू हाताने फिरवले. ते फिरले, पण सिलिंडरच्या भिंतींवर खड्डे पडले होते. येथे कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर कामी आले. ओतकाम, लेथ आणि बोअरिंगच्या कार्यशाळांनी भरलेल्या या वसाहतीत शेतीपंपाच्या इंजिनांपासून मोटारींपर्यंत कशाचीही दुरुस्ती होते. तेथे ब्लॉक रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवले गेले, हेड सपाट केले आणि व्हॉल्व्ह सीट बदलून घेतल्या. जे सुटे भाग येथे मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी नातू मुंबईला गेला. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजारातील गल्ल्या पालथ्या घालून त्याने दरवाजाची काच, मागील दिव्याचे झाकण आणि बोनेटवरील नावाची पट्टी मिळवली. कुर्ल्यात कारखाना कोठे होता हेही त्याने पाहून घेतले. त्या जागेवर आता निवासी संकुल उभे आहे. रस्त्याच्या नावात मात्र 'प्रीमियर' अजून टिकून आहे.

तो परतला तेव्हा बदलांचा प्रश्न पुन्हा पुढे आला, आणि या वेळी त्याचा निकाल कायद्याच्या वाचनाने लागला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवले तर नोंदणीच धोक्यात येणार होती. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि आधी नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांकही कायम राहतो. ही गाडी २०२६ मध्ये पन्नाशी गाठणार होती. चासी, शरीर वा इंजिन बदलले तर ते दार कायमचे बंद होणार होते.

तेव्हा आण्णांचा पक्ष जिंकला असे वाटावे. पण त्याच नियमांत दुसरी अट होती. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. आण्णांना तर तिच्यातून आठवड्यातून एकदा पेढीवर जायचे होते. गाडीला मान मिळवून द्यायचा की तिला कामाला लावायचे, हा आता प्रश्न होता. नित्याच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी २०२५ पासून दुप्पट झालेले १०,००० रुपयांचे शुल्क, असा भार होता. विलंबाचा दंड वेगळा.

शेवटी नातवाच्या वडिलांनी वहीच्या पानावर दोन रकाने आखले. जो बदल नटबोल्ट सोडून पुन्हा मूळ स्थितीला नेता येईल आणि ज्याने सुरक्षितता वाढेल, तो पहिल्या रकान्यात. जो पत्रा कापल्याखेरीज होणार नाही किंवा नोंदणी पुस्तकाशी विसंगत ठरेल, तो दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातील कामे झाली. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, दिव्यांना रिले मिळाले, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसले, पुढील सीटला पट्टे आले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा धरते आणि जुने रबर खराब करते. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घेतल्या. ब्रेकचे ड्रम मूळचेच राहिले, सिलिंडर आणि लायनिंग मात्र नवे बसले. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवला गेला. दुसऱ्या रकान्यातील निस्सानचे इंजिन, पाच गिअर आणि वातानुकूलन यांच्यावर नातवाने स्वतःच्या हाताने काट मारली.

वहीत खर्चही नोंदला आहे. पत्रा व वेल्डिंग ९२,०००, इंजिन ७४,०००, ब्रेक ३१,०००, रंग ८५,०००, वायरिंग व विजेचे भाग २८,०००, सीट, काचा व रबर ३६,०००, एकूण ३,४६,००० रुपये. ही रक्कम गाडी विकून परत येणार नाही, हे या व्यापारी घराला चांगले ठाऊक होते. तरीही ती दुकानाच्या हिशेबात न घालता तिघांनी आपापल्या बचतीतून उचलली. ज्यांना अशा कामाची हौस आहे, त्यांनी ही एक गोष्ट जरूर घ्यावी : आधी पत्रा ठोकून पाहावा, मग अंदाज करावा, आणि अंदाजाच्या दीडपट पैसा हाताशी असल्याखेरीज पहिला तुकडा कापू नये. अर्धवट उघडलेली गाडी गंजलेल्या गाडीहून लवकर भंगारात जाते.

पावसाळा संपल्यावर पद्मिनी ट्रकवर चढवून तपासणीला नेली आणि नित्याच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले. आण्णांच्या हयातीत ती चालती राहावी, पुढे व्हिंटेजचा विचार नातवाने करावा, असे ठरले. मूळ इंजिन आणि शरीर राखल्यामुळे तो मार्ग खुला आहे. त्यानंतरच्या सोमवारी ती प्रथमच सांगलीकडे निघाली. वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला नाही. अंकलीच्या पुलावरून जाताना खाली कृष्णा शांत वाहत होती. गणपती पेठेत दुकानासमोर गाडी थांबली, तेव्हा शेजारच्या पेढीवरील जुन्या दिवाणजींनी चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "आण्णा, नवी घेतली?"

"नाही हो," आण्णा म्हणाले, "तीच आहे."

आता दर सोमवारी सकाळी ती दुकानासमोर उभी असते. मागच्या शेडमध्ये मात्र तिला पुन्हा ठेवले जात नाही. कृष्णेच्या पाण्याची पातळी वाढल्याची बातमी येताच ती जयसिंगपूरला परत जाते.