आत्या, पाय गेले नाहीत

"पाय पार गेले गं, वय झालं," असं फोनवर म्हणालीस. वय झालं हे कबूल. साठीनंतर स्नायू झपाट्याने घटतात, आणि ताकद त्यांच्याहूनही वेगाने उतरते. पण निम्मा दोष त्या ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळत टांगताना तू टाचा उंचावायचीस, बाजारात पाटावरून दिवसभर ऊठबस करायचीस. धंदा सुनेकडे गेला आणि "बसा आई, मी आणते" सुरू झालं. माया खरी, पण पायांच्या मुळावर आली. एकदा मोरीत घसरलीस, त्या धास्तीने चालणं आणखी कमी केलंस.

१९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. त्यातल्या नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तू तर त्यांच्यापुढे पोर आहेस!

भिंतीला टेकवलेल्या लाकडी खुर्चीवर बस, हात छातीशी घे आणि पाच वेळा ऊठबस कर. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी समजायची. तोच व्यायामही. सुरुवातीला हात टेकलेस तरी चालेल, पण सून जवळ असू दे. मग खिडकीचा गज धरून टाचा उचल, वलांडीपाशी उचलायचीस तशा. मांड्यांना शीण जाणवला पाहिजे. नुसतं समुद्रावर फिरून ही ताकद येत नाही.

आणि चहा-पावावर दिवस काढू नकोस. वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. ताजा बोंबील मऊच असतो, दातांची सबब सांगू नकोस. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, असं ओघात बोलून गेलीस. मला तेच जास्त खटकलं. साखर आणि बी-१२ तपासून घे. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि वाकलं की बरं वाटतं, असं असेल तर मणका दाखवायला हवा. एकच पाय अचानक लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर माझ्या फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

रविवारी येते. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेव. उठताना चक्कर येते म्हणतेस, त्याचं मूळ तिथे आहे का ते डॉक्टरांना विचारू. तोवर गोळी स्वतःहून बंद करू नकोस.

तुझी भाची