पासष्टच्या पुढचा रकाना

नोकरी एएनएमची, पण गावात मी नुसती सिस्टर. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव म्हणायचं) लसीकरण, बाळंतपणं आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं यांतच बरीच वर्षं गेली. कॅन्सर माझ्या कामात आला तो 1999च्या सुमारास. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या तुकड्या गावोगाव फिरू लागल्या आणि बायका गोळा करायचं काम आमच्यासारख्यांच्या अंगावर पडलं. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी म्हटल्यावर निम्म्या बायका मागच्या दारानं रानात जायच्या. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कशाला बगायचं?" दुखत नाही तोवरच बघायचं असतं, हे पटवायची युक्ती मला कधीच सापडली नाही. जिची सासू किंवा जाऊ अंगावर लाल जाऊन जाऊन वारली होती, ती आपणहून उठायची आणि तिच्यामागं चौघी यायच्या.

हे फिरणं एका मोठ्या अभ्यासासाठी होतं. त्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका होत्या. गावांचे चार गट केले होते: एकात एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकात पॅप, एकात व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून पांढरा डाग उठतो का ते बघायचं, आणि चौथ्यात तपासणी नाही, नुसती माहिती. 2009 साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्हीची चाचणी एकदाच केलेल्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते. त्या चौथ्या गटावरून पुढं टीका झाली. मला ती पटते, कारण त्याही बायका आमच्याच जिल्ह्यातल्या होत्या.

हा एचपीव्ही विषाणू बहुतेकींना तरुणपणी लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. जिच्यात तो मुक्काम ठोकतो, तिच्यातही कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. तेवढ्या मुदतीत खराब जागा सापडली तर ती गोठवून किंवा कापून काढता येते. माझ्या नातीला बाराव्या वर्षी लस दिली, तेव्हा सुनेनं विचारलं, "आई, एवढ्या लवकर कशाला?" विषाणू गाठायच्या आधी लस पोचायला हवी, एवढंच सांगितलं. बाकीचं तिचं तिला समजलं.

निवृत्तीनंतर मी गावातल्याच शिबिरात तपासून घ्यायला गेले. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड यांची तपासणी 30 ते 65 वयापर्यंत असते. आधारकार्ड बघून तिथली तरुण सिस्टर अवघडली. "मॅडम, तुमचं पासष्ट उलटलंय. रजिस्टरमध्ये पुढचा रकानाच नाही." तिचं चुकत नव्हतं. माझ्या आधीच्या तपासण्या स्वच्छ होत्या. आता नवं काही सुरू झालं तरी ते वाढेपर्यंत मी बहुधा दुसऱ्याच कशानं तरी गेलेली असेन. हा हिशेब मी स्वतः कितीतरी म्हाताऱ्यांना समजावला होता. स्वतःच्या नावापुढं तो ऐकताना मात्र पोटात गोळा आला. स्तनाचं तसं नाही, तिथं वयाबरोबर धोका वाढतोच, म्हणून ती तपासणी मी पदरच्या पैशानं चालू ठेवलीय. किती वर्षं, ते ठरवलेलं नाही.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्न होऊन आल्यापासून मिश्री लावायच्या. लोखंडी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी तासभर बोट दातांवर. भाजताना घरभर असा ठसका उठायचा की गुरंसुद्धा फुरफुरायची. शिबिरात मी पोटुशी पोरींच्या हातून मिश्रीची डबी काढून घेत असे. तोंडाचा कॅन्सर ही पुढची गोष्ट, आधी पोटातल्या लेकराचं वजन कमी भरतं. घरी मात्र आत्यांपुढं माझं काही चाललं नाही. ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. बार्शीला नेऊन तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाले, मिश्री सोडा. आत्या मला म्हणाल्या, "आता सोडून किती वर्षं वाचत्याल, खरं सांग." मी खरं सांगितलं: फार नाही. पुढं त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा तंबाखू मी भाजून दिली. नर्स असून हे केलं म्हणून नणंद अजून बोलते. तिशीतल्या बाईची डबी मी आजही काढून घेईन. चौऱ्याऐंशीव्या वर्षी सकाळचा तेवढा एक तास ज्या माणसाला आपला वाटतो, त्याच्याकडून तो घेऊन मी काय देणार होते? आत्या गेल्या त्या छातीत कफ साठून. चट्टा तसाच होता.

उलट माझ्याबरोबरची एक सिस्टर. सुपारीचं खांड कधी तोंडात घातलं नाही, वजन आटोक्यात, शनिवारचा उपास. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. "मी काय खाल्लं गं असं?" असं ती विचारायची आणि नातेवाईक तिच्या खाण्यात, स्वभावात, मागल्या जन्मात कारण शोधत बसायचे. पेशी जन्मभर विभागत असतात, दर वेळी नक्कल करताना थोड्या चुका राहतात आणि वय वाढेल तशा त्या साचतात. तंबाखू, दारू, काही विषाणू त्यात भर घालतात. ती भर आपण टाळू शकतो. मूळ चुका टाळणं कोणाच्याच हातात नाही. हे तिला सांगितल्यावर ती रडली, पण त्यानंतर तो प्रश्न तिनं विचारला नाही.

यंदा मी इच्छापत्र केलं. शुद्ध हरपली आणि बरं होण्याची आशा नसेल, तर यंत्रावर ठेवू नका, असं लिहिलेलं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली याला मान्यता दिली आणि 2023 साली पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी. तहसील कचेरीबाहेरच्या नोटरीनं कागद उलटापालटा करून विचारलं, "बाई, यात जमिनीचा गट नंबर कुठं आहे?" मुलगा दोन दिवस धुसफुसला. साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त मास्तर आले. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, सही केली आणि म्हणाले, "सिस्टर, याची एक झेरॉक्स मला द्या. नाव तेवढं बदलून घेतो."