कमानीतले अक्षर

प्रवासवर्णने लिहिणारे लोक खिशाविषयी क्वचितच बोलतात. आम्हांस मात्र आमच्या हैदराबादच्या प्रवासातील इमारतींइतकाच हिशेबही आठवतो. सन 1979 च्या डिसेंबरात वडिलांना घेऊन आम्ही युसूफ वडगावाहून निघालो, तेव्हा दोघांत मिळून दीडशे रुपये होते, आणि त्यांतच परतीचे भाडे धरलेले होते.

आमच्याकडील जुन्या माणसांस राजधानी म्हटले की मुंबई आठवत नसे. 1956 सालापर्यंत बीड जिल्हा हैदराबादकडे होता आणि राजधानी म्हणजे अपील, असाच गावाचा समज होता. आमचे आजोबा जमिनीच्या एका तंट्यापायी तीन खेपा तिकडे गेले. तंटा अखेर गावातच चार माणसांसमक्ष मिटला. 'चारमिनार पाहिलेला माणूस' हा लौकिक तेवढा आजोबांच्या पदरी राहिला. मोकळ्या मैदानात चार मनोरे आणि मधल्या कमानीत एक मोठे अक्षर, असे ते वर्णन करीत. वडील ते ऐकतच वाढले होते.

परळीस गाडी धरली. शिदोरीस धपाटी व शेंगदाण्याची चटणी होती. हैदराबादेस एका सराईत उतरलो आणि फुकट दिसेल ते आधी पाहावयाचे, असा नियम केला. सांगावयास हरकत नाही की, फुकट दिसणारे हैदराबाद पुष्कळ आहे. मुसी नदीच्या पुलावर उभे राहिले की एका तीरावर उस्मानिया रुग्णालय आणि दुसऱ्या तीरावर 1920 साली उघडलेले तांबड्या दगडाचे हायकोर्ट, दोन्ही दिसतात. हायकोर्टापुढे वडील फार वेळ थांबले. "आप्पा इथं बसत असतील," एवढेच म्हणाले.

पुढे पत्थरगट्टीचा बाजार लागला. वडील निजामी अमदानीत चार यत्ता उर्दू शिकलेले. लातूरच्या मोंढ्यात मान खाली घालून चालणारा हा मनुष्य येथे दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचीत चालला होता, आणि पदवीधर म्हणविणारे आम्ही त्याच्या मागून निरक्षरासारखे चाललो होतो.

हायकोर्टापासून चारमिनार पाव तासाच्या वाटेवर आहे. महंमद कुली कुतुबशहाने 1591 साली बांधलेली ही इमारत मैदानात नव्हे, ऐन बाजारात उभी आहे. भोवती सायकलरिक्षा, फळांच्या गाड्या आणि माणसांचा लोंढा. वडिलांनी चारही बाजूंनी फेरी घातली. कमानीच्या वर घड्याळ होते. अक्षर कोठेच नव्हते. मग त्यांनी बटव्यातून, शकुनाचा म्हणून जपलेला, निजामी रुपया काढला. त्यावर चारमिनार होता. भोवती बाजार नाही, माणूस नाही. मधल्या कमानीत उस्मान अलींच्या नावाचे आद्याक्षर 'ऐन'. त्यांनी एकवार रुपयाकडे पाहिले, एकवार वर पाहिले.

"आप्पा इथवर आलेच नव्हते रे."

तीन खेपांत पाव तासाची वाट आजोबा का चालले नाहीत, याचा उलगडा आम्हांस लगेच झाला नाही. चारमिनारास लागूनच लाड बाजार आहे. तेथल्या लाखेच्या बांगड्या आजी दर खेपेस मागे, आणि दर खेपेस 'जुम्मा होता, दुकाने बंद होती' असे उत्तर तिला मिळे. वकिलाचे देणे चुकते केल्यावर उरलेल्या पैशांत त्या बाजाराच्या तोंडाशी जाण्यापेक्षा, न गेलेलेच बरे, असे त्यांस वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा पाहावयाचा होता. फत्ते दरवाजात वाजविलेली टाळी वर बालाहिसारात ऐकू येते, ती ऐकण्याची आम्हांस फार हौस. त्यासाठी वेगळे बांधून ठेवलेले पैसे वडिलांनी मागून घेतले. लाड बाजारात तासभर त्यांनी उर्दूत घासाघीस केली, आणि आम्ही हिरमुसले होऊन शेजारी उभे राहिलो. परतीच्या गाडीत ते पुडके त्यांनी मांडीवरून खाली ठेवले नाही.

घरी आजीने बांगड्या हातांत चढविल्या आणि कंदिलापाशी जाऊन पाहिल्या. आजोबा ओट्यावर बसले होते. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारले, "अक्षर दिसलं का?"

"दिसलं, आप्पा," वडील म्हणाले. "तुम्ही सांगत होता तसंच आहे."