परमेश्वराच्या यात्रेत समुद्राची वर्गणी

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात जन्मते, विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधून वाट काढते आणि हिमायतनगरचा परिसर भिजवत सहस्रकुंडाकडे जाते. पावसाळ्यात तिथल्या काळ्या कातळावरून ती कोसळते, तेव्हा तिचा आवाज छातीत घुमतो. पुढे ती वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होतात आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीच्या कुशीत शिरते. नांदेडच्या घाटांना स्पर्शून निघालेलं पाणीही तोवर तिथे आलेलं असतं. मग राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटत फुटत हे सगळं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. वाढोण्याच्या, म्हणजे आपल्या हिमायतनगरच्या ओढ्यानाल्यांत पडलेला पावसाचा थेंब याच वाटेनं जातो. त्यात आपण टाकलेली पिशवीही याच वाटेला लागते.

गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, होप बेट आहे. हिवाळ्याच्या अखेरीस तिथल्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. मागच्या पायांनी खड्डा करायचा, शंभराच्या आसपास अंडी ठेवायची, वाळू लोटायची आणि परत समुद्रात जायचं. पिलांना आईचं दर्शन होत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनी ती आपली आपण वर येतात आणि पाण्याकडे धावतात. या कासवांच्या खाण्यात जेलीफिश असतात, आणि पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी जेलीफिशसारखीच दिसते.

समुद्राची ही दुखणी आधी ओळखणाऱ्यांत फळी घेऊन लाटांवर स्वार होणारे सर्फरही होते. घाण पाणी त्यांच्याच नाकातोंडात जाई. अमेरिकेत मालिबूच्या सर्फरांनी १९८४ मध्ये सर्फरायडर फाउंडेशन स्थापन केलं. १९९० मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले सर्फर समुद्रात सोडलेल्या मैलापाण्याविरुद्ध उभे राहिले. लाटांचे चित्रपट दाखवायचे, गाणीबजावणी करायची आणि जमलेला पैसा किनाऱ्यासाठी वापरायचा, ही रीत अशा लोकांमध्ये रुजली. त्यांचे चित्रपटही आधी मोठ्या थिएटरांत लागत नव्हते. बड ब्राऊन नावाचा माणूस १९५३ पासून कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या सभागृहांत स्वतःचे सर्फिंगचे चित्रपट दाखवी आणि समोर उभा राहून स्वतःच निवेदन करी. जत्रेतल्या तंबूत पडद्यापुढे मांडी घालून बसलेल्या आपल्या माणसाला हे मुळीच परकं वाटणार नाही.

किनाऱ्यासाठी माणसं अशी पुढे येणं आपल्या महाराष्ट्रातही घडलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. तिथे पूर्वी कासवांची अंडी खणून नेली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिलं समुद्रात जाताना पाहायला माणसं येऊ लागली, गावातल्या घरांत उतरू लागली, घरचं जेवण जेवू लागली. कासव जगलं तर आपलं घर चालतं, हे गावाला अनुभवानं कळलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटानं कोकणचा किनारा, ही कासवं आणि एका खचलेल्या तरुणाचं मन एकाच पडद्यावर आणलं. २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं.

महाशिवरात्रीला हिमायतनगरात श्रीपरमेश्वराची यात्रा भरते. हे दिवस गोदावरीच्या मुखाशी कासवांच्या विणीचे असतात. देवळात शिरताना आपण दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतो. त्याच सुमारास आपल्याच नदीच्या शेवटी एखादी जिवंत कासवीण वाळू उकरत असेल. सप्ताह, कीर्तन, भजन, महाप्रसाद ही सारी थोर कामं आपण पिढ्यान्‌पिढ्या वर्गणीवर उभी केली. ज्याला जमेल त्यानं पैसे दिले, कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी राबणूक दिली. सार्वजनिक कामासाठी गावाला हात पुढे करायला लावण्याची विद्या आपल्याला कुणाकडून शिकायची नाही. टाळ-मृदंगात ती ताकद आहे.

म्हणून माझी विनंती आहे. यात्रेतली एक रात्र समुद्रासाठी ठेवा. पडदा लावा, ‘कासव’ दाखवा. आधी गावच्या भजनी मंडळाला बसू द्या, शाळेच्या पोरांना नदीची गाणी म्हणू द्या. जमलेल्या वर्गणीतून आधी आपल्या नाल्यांच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळ्या बसवा, तो वेचणाऱ्यांना रास्त मजुरी द्या. उरलेला वाटा किनाऱ्यावर रात्र रात्र जागून घरटी राखणाऱ्यांकडे पाठवा. समुद्र वाचवण्याचं काम फक्त किनाऱ्यावरच्या माणसांचं नाही. ज्याच्या गावातून पाणी वाहतं, त्या प्रत्येकाचं ते आहे. येत्या यात्रेच्या बैठकीत हा विषय कुणीतरी मांडावा. पहिली पावती माझ्या नावानं फाडा.