ताप उतरल्यावर

श्वासाचें दुखणें छातींतच राहतें, अशी आपली समजूत असते. रोग्याच्या उशाशीं बसून ताप किती, खोकला सुटला कीं नाहीं, एवढ्याच चौकश्या आपण करतों. आणि पारा खालीं आला कीं गंडांतर टळलें म्हणून निःश्वास सोडतों. परंतु रक्ताला फुप्फुसाची शीव ठाऊक नसते.

नलिकेंतल्या नलिकेंत रक्त कां गोठावें, याचा शोध जर्मन वैद्य रूडॉल्फ फिरखो यानें १८५६ च्या सुमारास घेतला. त्याच्या नांवानें आज तीन कारणें सांगतात: रक्तवाहिनीच्या अस्तरास झालेली इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताचा पालटलेला गुण. इन्फ्लुएन्झा किंवा कोरोना तीव्र झाला कीं तिन्हीं एकत्र येतात. अस्तर सुजतें, रोगी दिवसेंदिवस अंथरुणास खिळतो आणि जखम भरून काढणारी गोठण्याची शक्ति नको तेथें जागी होते. पायांतील गुठळी सुटून फुप्फुसांत जाते. मेंदूच्या धमनींत अडकली, तर अर्धें अंग लुळें पडतें.

आपल्या पूर्वजांनीं या व्याधीस अर्धांगवायू म्हटलें, अपराध वायूच्या माथीं मारला. पण हा विषाणू वाऱ्याच्याच वाटेनें येतो, तेव्हां तें नांव अगदींच अनाठायीं नाहीं, असें माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकास वाटून जातें.

हा धोका वृद्धांपुरताच नाहीं. २०२० च्या मार्च-एप्रिलांत, अवघ्या दोन आठवड्यांत, न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनीं मेंदूची मोठी धमनी बंद पडलेले पांच कोरोनाबाधित पाहिले. पांचही पन्नाशीच्या आंतले. त्यांतील दोघांनीं साथीच्या दिवसांत रुग्णालयांत जाण्याच्या भीतीनें मदत मागण्यास विलंब केला होता. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. त्यापुढें त्याचा उपयोग क्वचितच होतो.

ताप उतरल्यानेंही सारें संपत नाहीं. कोरोनानंतर फुप्फुसांत गुठळी होण्याचा धोका सहा महिन्यांपर्यंत वाढलेला राहतो, असें स्वीडनमधील २०२२ च्या अभ्यासांत आढळलें.

म्हणून घरोघर पाऱ्याबरोबर आणखी कांहीं पाहिलें पाहिजे. तोंड वांकडें झालें, हात उचलेना, वाचा अडखळली, एकच पाय सुजला किंवा एकाएकीं दम लागला, तर घटकाभरही वाट पाहूं नये. रक्त पातळ करणारी गोळीही मनानें देऊं नये; कारण मेंदूंत गुठळी आहे कीं रक्तस्राव, हें नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं. साथींत भीतीनें घरांत बसणें शहाणपणाचें खरें. पण वाचा गेल्यावरही घरांतच बसणें, हें शहाणपण नव्हे.