पागेतून निघालेला अनुयायी

'हेंचमन' हा इंग्रजी शब्द आज टोळीप्रमुखाच्या हस्तकासाठी, किंवा पुढाऱ्याची नको ती कामे निमूटपणे उरकणाऱ्या माणसासाठी वापरला जातो. गौरवाने तो कोणाला सहसा लावला जात नाही. त्याचे मूळ मात्र घोड्यांच्या पागेत आहे. जुन्या इंग्रजीत 'हेंगेस्ट' म्हणजे नर घोडा (जर्मनमधील 'हेंग्स्ट' त्याचाच सोयरा), आणि त्याला 'मॅन' जोडून चौदाव्या शतकाच्या सुमारास जो शब्द नोंदींत दिसू लागतो, त्याचा मूळ अर्थ घोड्याची निगा राखणारा, म्हणजे मराठीतील मोतद्दार, असा असल्याचे कोशकार मानतात.

घोड्याशेजारी चालणारा माणूस धन्याच्याही शेजारी चालतो, आणि या सान्निध्यामुळेच शब्दाची प्रतिष्ठा वाढली. पंधराव्या शतकात इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याच्या दरबारातील हेंचमन ही खानदानी घराण्यांतील मुले असून त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षक नेमलेला असे, आणि तो त्यांना घोडेस्वारी, भाषा, वीणावादन, नृत्य आणि पंक्तीत जेवण्याची रीत शिकवी. सेवा हेच येथे शिक्षण होते. पहिल्या एलिझाबेथने हे पद १५६५ मध्ये बंद केले. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी शेक्सपिअरने 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' लिहिले, तेव्हा त्यातील पऱ्यांच्या राजाला जो पोरका भारतीय मुलगा स्वतःच्या तैनातीला हवा असतो त्याच्यासाठी हाच शब्द योजला. सारा तंटा ज्याच्यावरून पेटतो त्या मुलाच्या तोंडी नाटकात एकही वाक्य नाही.

पुढे हा शब्द स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दिसतो. एडमंड बर्ट या इंग्रज लेखकाच्या १७५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत कुळाच्या सरदारामागे सतत उभ्या राहणाऱ्या सेवकाचे वर्णन येते. धन्याच्या कमरेशी (इंग्रजीत 'हॉन्च') उभा असतो म्हणून त्याला हे नाव, अशी व्युत्पत्ती बर्ट देतो. ती चुकीची आहे, पण चित्र मात्र नेमके उभे करते. पुष्कळदा तो सरदाराचा दूधभाऊ असे. बर्ट सांगतो की, एका सरदाराचा इंग्रज अधिकाऱ्याशी वाद चालला असता, इंग्रजी न कळणाऱ्या अशा एका सेवकाने धन्याचा अपमान होत असल्याचे समजून अधिकाऱ्याच्या डोक्यावर पिस्तूल रोखून चापही ओढला. बार उडाला नाही म्हणून अधिकारी वाचला. निष्ठेला शब्द कळण्याची गरज वाटत नाही, हे भीतिदायक सत्य त्या प्रसंगात आहे. १७४६ मधील कलोडनच्या लढाईत बंडखोर कुळांचा पराभव झाल्यानंतर कुळांची ही व्यवस्था कायद्यानेच मोडण्यात आली, आणि ती मोडल्यावर वॉल्टर स्कॉटने 'वेव्हर्ली' (१८१४) या कादंबरीतून सरदाराच्या लवाजम्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात भाट आहे, शस्त्र वाहणारा आहे, ओढा लागला की सरदाराला पाठीवर घेणाराही आहे, आणि या सर्वांत उजवा हात म्हणून हेंचमन आहे. स्कॉटमुळे शब्द पुन्हा लोकांच्या तोंडी आला खरा, परंतु ज्या नात्यामुळे त्याला अर्थ होता ते नाते तोवर संपले होते.

'मार्शल' आणि 'कॉन्स्टेबल' हे शब्दही पागेतलेच आहेत: पहिल्याचा मूळ अर्थ घोड्यांचा चाकर, तर दुसऱ्याचा पागेचा अधिकारी. त्यांपैकी एक सेनापतीपर्यंत चढला आणि दुसरा कायद्याचा रक्षक झाला, कारण दोघांना पद मिळाले, आणि पद धनी बदलला तरी टिकते. हेंचमन मात्र एका व्यक्तीच्या सावलीला बांधलेला राहिला. धनी आणि सेवक यांच्यात संगोपनाचे, दुधाचे किंवा कुळाचे बंधन होते तोवर त्या सावलीत मान होता. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी राजकारणात नेता आणि कार्यकर्ता यांच्यात नोकऱ्यांची व मतांची देवघेव तेवढी उरली, तेव्हा तोच शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

विसाव्या शतकात चित्रपटांनी हेंचमनला खलनायकाच्या शेजारी कायमचे उभे केले. जेम्स बाँडच्या 'ऑक्टोपसी' (१९८३) या चित्रपटात, ज्याचा काही भाग उदयपूरला चित्रित झाला, कबीर बेदी यांनी साकारलेला गोबिंदा हा असाच सेवक आहे. शेवटी विमान आकाशात असताना, बाहेर चिकटलेल्या बाँडला पाडण्यासाठी धनी त्याला बाहेर जाण्याचा हुकूम देतो; गोबिंदा क्षणभर घुटमळतो, बाहेर म्हणजे तिथे का, असे विचारतो, आणि जातो.